श्वास घेणारी गुहा

आम्ही निघालो होतो एका गुहेचा श्वास ऐकायला!

जमिनीची एक लांबट जीभ समुद्रात शिरलेली. तिच्या एका अंगाला शांत उपसागर, दुसऱ्या अंगाला मोकळा, खवळलेला समुद्र आणि अगदी टोकाला, भरती आली की बेट होऊन बसणारा एक काळा कडा. त्या कड्याच्या पोटातली गुहा श्वास घेते, असं माझ्या नणंदेच्या कानावर आलं होतं. ताई निसर्गातले आवाज ध्वनिमुद्रित करतात. बर्फ तडकतानाचा आवाज आहे त्यांच्याकडे, वाळूच्या टेकड्यांचा हुंकार आहे. गुहेचा श्वास तेवढा नव्हता. सोबत माझा नवरा, मी आणि माझ्या पाठीवरच्या झोळीत दीड वर्षाची चिंगी.

चिंगी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरायची मला सवय आहे. श्वास चाललाय ना? वाटेतही दर थांब्यावर मी झोळी पुढे घेऊन तेच करत होते.

"अगं, ती मुलगी आहे, स्टोव्ह नाही! सारखं काय विझलाय का बघतेस?" ताई म्हणाल्या. "आमचं काळजीवाहू सरकार!"

"मन चिंती ते वैरी न चिंती, ताई," मी म्हटलं.

पहिलं गाव उपसागराच्या अंगाला, होड्या बांधणाऱ्यांचं. किनाऱ्यावर अर्धवट होड्यांच्या लाकडी फासळ्या उभ्या, हवेत डांबराचा वास. बंदरातल्या फळ्यावर भरतीची वेळ खडूनं लिहिलेली होती. ताईंनी ती पाठ केली. पुढच्या गावात एकाही घराला मोकळ्या समुद्राकडे खिडकी नव्हती! सगळ्या भिंती त्याच्याकडे पाठ फिरवून बसलेल्या, रुसलेल्या जावांसारख्या. त्यापलीकडे गोट्यांचा किनारा. लाट मागे सरली की हजारो काळे गोटे एकमेकांवर घरंगळत आणि भरल्या नाट्यगृहात टाळ्या पडाव्यात तसा कडकडाट होई. चिंगीही टाळ्या पिटू लागली. मी तर भान हरपून उभीच राहिले.

मग वाळूचा चिंचोळा बांध. दोन्हीकडे पाणी दूर सरलेलं. "दुपार कलेपर्यंत वाट कोरडी," ताईंनी ग्वाही दिली. आम्ही पलीकडे गेलो, शेवाळलेल्या खडकांवरून गुहेत उतरलो.

आणि ऐकलं!

हूऽऽऽ... अंधारातून गार, खारट वारा तोंडावर आला. मग शांतता. मग सूं... करून तोच वारा आत ओढला गेला. माझी ओढणीही आत खेचली गेली! खाली कुठेतरी लाट शिरत होती, हवा ढकलत होती, परत ओढत होती. कारण कळत होतं, तरी अंगावर काटा आला. डोंगर झोपला होता आणि आम्ही त्याच्या छातीत उभे होतो.

ताईंनी तिकाटणं रोवलं, यंत्र चालू केलं, ओठांवर बोट ठेवलं. पाठीवर चिंगीला झोप लागली होती. तिचा श्वास माझ्या मानेवर, गुहेचा तोंडावर. मी नकळत दोन्ही ऐकत राहिले.

हूऽऽऽ. थांबा. सूं.

हूऽऽ. थांबा. सूं.

हूऽ, सूं. हूऽ, सूं.

मधला थांबा कुठे गेला? चिंगीला न्यूमोनिया झाला होता, तेव्हा असाच गेला होता!

"निघा! हिला धाप लागलीय!"

"कुणाला? चिंगीला?" नवरा घाबरला.

"गुहेला! पाणी आत राहायला लागलंय!"

"अजून वेळ आहे," ताई कुजबुजल्या. "फळ्यावर..."

"फळा उपसागराच्या बाजूचा, ताई! आपण उघड्या समुद्राच्या बाजूला आहोत, इथे भरती आधी चढते!"

त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात पायाखालच्या भेगेतून पाणी उसळलं. ताई यंत्राकडे झेपावल्या.

"राहू द्या ते!" मी किंचाळले. आयुष्यात पहिल्यांदाच नणंदेचा दंड धरून मी त्यांना ओढलं.

पळालो! खडक निसटत होते. बांधावर पाणी चढलं होतं. गुडघ्याइतकं. मग मांडीइतकं! नवऱ्यानं एका हातानं झोळी उचलून धरली, दुसऱ्या हातानं मला. एक लाट आली, माझे पाय सुटले! ताईंनी मागून कंबर धरली. "पुढे बघ! फक्त पुढे बघ!" आणखी एक लाट. मग पायाखाली वाळू. घट्ट, कोरडी वाळू!

उंचवट्यावर कोसळलो आणि वळून पाहिलं. कडा बेट झाला होता. एकाएकी त्याच्या माथ्यातून पाण्याचा पांढराशुभ्र खांब आभाळात उसळला. आवाज मागाहून आला, छातीत घुमला. आम्ही उभे होतो ती जागा आता त्या खांबाच्या बुडाशी होती. पुन्हा उसळला. तुषारांत इंद्रधनुष्य उमटलं आणि विरलं. भीतीनं की आनंदानं कोण जाणे, माझे डोळे वाहत होते.

"यंत्र गेलं," नवरा हळूच म्हणाला.

ताई गुडघ्यांवर सरकत माझ्याजवळ आल्या. एवढ्या गोंधळात किंचित कुरकुरून चिंगी पुन्हा झोपली होती. ताईंनी ओलं बोट तिच्या नाकाखाली धरलं. बराच वेळ धरलं.

"चाललाय," त्या म्हणाल्या.