इंदुताईंची बातमी थांबेना

रोहन, तो मोबाइल पालथा ठेव. आणि निशिगंधा, तू जिन्याकडे पाठ करून बसली आहेस. बस, बस, माझी काही हरकत नाही. मागून कोणी आलंच तर सांगेन मी. सांगेनच असं नाही, पण बघू.

ही गोष्ट आपल्या हर्षद देगलूरकरची. कार्यक्रमाच्या आधी माइकला टिचक्या मारत 'हॅलो, हॅलो' करतो ना, तोच. मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर आहे. त्यानं हे मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. म्हणून मी खरं मानतो. एरवी मी कुणाचं खरं मानत नाही, स्वतःचं तर मुळीच नाही.

अमावास्या-बिमावास्या काही नव्हती हं. साधा बुधवार, दहा डिसेंबर. रात्रीचे पावणेबारा. हर्षदची आई, इंदुताई, न्यूमोनियानं दवाखान्यात होती. पडून पडून पाठ सोलवटलेली. नर्स म्हणाली, हवेची गादी आणा. तशी गादी आपल्या गोदाकाठ मंडळात असते. वॉकर, कुबड्या, गादी, ज्याला लागेल त्यानं न्यावं, बरं झालं की परत करावं. धाकटी बहीण अश्विनी आईजवळ बसली आणि हा गादी आणायला विद्यानगरला मंडळाच्या ऑफिसात आला.

खाली वॉचमन सलीमभाई. किल्ली देताना म्हणाला, "क्या हर्षदभाई, इत्ती रात को गद्दा? घर से निकाल दिए क्या भाभी?"

"नै सलीमभाई, अम्मी के वास्ते है," असं म्हणत हा वर गेला. गादी कपाटावर होती. ती खाली ओढली, गुंडाळली, काखेत मारली. निघणार, एवढ्यात फोन वाजला. हिम्मतराव. मंडळाचे सेक्रेटरी.

आता हिम्मतरावांची एक खोड सांगतो. कोणी दवाखान्यात गेलं रे गेलं की हा माणूस शोकसंदेश लिहून तयार ठेवतो. का, तर ऐन वेळी शब्द सुचत नाहीत! मी मूळव्याधीसाठी दोन दिवस अ‍ॅडमिट होतो तर माझाही लिहिला होता. छान लिहिला होता मेल्यानं. मी त्यात 'मनमिळाऊ' घालायला लावलं.

"हर्षद, बाळा, रागावू नकोस," हिम्मतराव म्हणाले. "रविवारच्या हुरडा पार्टीची मेल पाठवायची होती रे. चष्मा नव्हता. चुकून... इंदुताईंची गेली."

"आईची कसली?"

हिम्मतराव नुसते खाकरले.

"काका, कसली?"

"तीच... 'कळवण्यास अत्यंत दुःख होते.' सगळ्या सभासदांना."

हर्षदनं गादी खाली टाकली.

ऑफिसच्या कोपऱ्यात ते जुनं मशीन आहे ना, मंडळाच्या मेल पाठवणारं, ते ह्यानंच बसवलेलं. लिनक्सवर चालतं म्हणे. मला त्यातलं कळतं ते एवढंच: आत एक पोस्टमास्तर असतो आणि त्याच्या हाताखाली पोस्टमन. त्यांना 'प्रोसेस' म्हणतात. पोस्टमास्तरला 'बंद कर' म्हटलं की त्यानं सगळ्यांना घेऊन घरी जायचं. हर्षदला वाटलं, मेल अजून रांगेत असतील, आत्ताच बंद केलं तर वाचलो. मामाला कळायला नको, मावशीला कळायला नको. त्यानं 'बंद'ची आज्ञा दिली. पोस्टमास्तर गेला.

पोस्टमन राहिले.

कोण कोण चालू आहे ते त्यानं बघितलं. मेलच्या प्रोसेस तशाच, ओळीनं. असं होतं कधी कधी, रेंगाळतात. त्यावर एक आज्ञा असते, मारण्याची. पुढे नऊचा आकडा लावला की विचारणं नाही, जागच्या जागी ठार. ह्यानं नऊ लावला. ओळ गेली. परत बघितलं. ओळ होती. फक्त नंबर नवा.

परत मारलं. परत आली.

तेव्हा त्यानं मेल कुणाला जाताहेत ते उघडलं. आणि इथे, निशिगंधा, आपल्या मंडळाचा रिवाज आठव. सभासद गेला तरी त्याचं नाव काढायचं नाही. हर्षद एकदा सभेत बोलला होता, "काका, गेलेल्यांच्या पत्त्यावर मेल जाते, खातं बंद म्हणून परत येते, मशीन उगाच दमतं." सगळी सभा अशी बघायला लागली, जसं काही ह्यानं श्राद्धाच्या पानात अंडं वाढलंय. सुलभाताई म्हणाल्या, "नाव कसं रे खोडायचं? माणसं आहेत आपली." राहिली नावं. गेली कित्येक वर्षं त्यांच्या मेल जायच्या आणि परत यायच्या.

त्या रात्री मामाची मेल थांबलेली. मावशीची थांबलेली. जिवंत माणसांपैकी एकालाही गेली नव्हती. जात होती ती फक्त गेलेल्यांना.

भामाताई वसमतकर. कोरोनात गेल्या. 'पोहोचली.'

किशोर उदगीरकर. 'पोहोचली.'

हर्षदचे वडील...

'पोहोचली.'

फोन वाजला. अश्विनी. "दादा, कुठे आहेस तू? आईचा ऑक्सिजन खाली चाललाय. डॉक्टरांना बोलावलंय."

"येतो. आलोच."

"दादा, ती मास्क काढतेय. कुणाशी तरी बोलतेय."

"कुणाशी?"

"माहीत नाही रे... 'आले, आले' म्हणतेय. 'चपला घालते' म्हणतेय."

तिच्या पायांत आठ दिवस चपला नव्हत्या.

हर्षदनं मशीनचं बटण दाबलं. दाबून धरलं. विझेना. भिंतीतून प्लग उपटला. मशीनखालचा बॅटरीचा यूपीएस चालू झाला. मग मागची इंटरनेटची वायरच ओढून काढली. वायर हातात. दुसरं टोक लोंबतंय.

पडद्यावर... 'पोहोचली.'

आणखी एक. 'पोहोचली.'

तो खाली बसला. वायर हातात तशीच. मला सांगत होता, "तेव्हा मला रडूसुद्धा आलं नाही काका. नुसतं वाटलं, आई चालली. ह्या डब्यातून, ह्या मी बसवलेल्या डब्यातून चालली. मारतोय त्याला मी, मारतोय, आणि जे आधीच गेलेत त्यांना मी काय मारणार?"

अश्विनी फोनवर रडत होती. "दादा, ती उठून बसली. दाराकडे बघून हसतेय."

...

दाराकडे.

आणि मग त्याला सुचलं. आपली माणसं ना ती? जिवंत होती तेव्हा कशी होती? बातमी कळली की हातातलं काम टाकून निघायची. स्मशानात शेवटपर्यंत थांबायची. पण बातमी चुकीची निघाली आणि कुणी तसं नीट कळवलं, तर परत फिरायची. मनात न ठेवता.

ज्याला इतका वेळ मारत होता, त्या पोस्टमास्तरला त्यानं स्वतःच्या हातानं परत उठवलं. वायर जोडली नाही. ती कुठं लागत होती?

लिहायला बसला. ह्या पोराचं मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरांत, 'kay kaka kasa kay'. पण ती पिढी असलं वाचायची नाही. देवनागरीत एकेक अक्षर शोधायला लागला. 'कृपया'चा 'कृ' सापडेना. फोनमधून अश्विनी ओरडतेय, "आई, झोप! आई, पाय वर घे!"

सापडला.

'खुलासा. श्रीमती इंदुताई देगलूरकर हयात आहेत. आधीची बातमी चुकीची आहे. कृपया कोणीही येऊ नये. मुलगा, हर्षद.'

पाठवली.

काही नाही.

काही नाही...

भामाताई वसमतकर. 'पोहोचली.'

किशोर उदगीरकर. 'पोहोचली.'

सगळ्यांत शेवटी वडील. तिथं मात्र खूप वेळ लागला. काहीच उमटेना. हर्षद पडद्याला हात लावून म्हणाला, "बाबा, नका ना. अजून नका."

...

'पोहोचली.'

मग चालू प्रोसेसची एकेक ओळ गेली. कुणी न मारता. यादी रिकामी झाली. मशीनचा पंखा मंद झाला. थांबला.

फोनवर अश्विनी कुजबुजली, "दादा, झोपली रे. मास्क लावू दिला. ऑक्सिजन वर येतोय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "झोपायच्या आधी रागावून म्हणाली, एवढी माणसं दारापर्यंत आली आणि तुम्ही चहासुद्धा नाही विचारलात."

हर्षदनं जिवंत माणसांच्या थांबलेल्या मेल पुसल्या, गादी उचलली आणि रिक्षा करून दवाखाना गाठला. इंदुताई वाचल्या. आत्ताही तुम्हाला भेटतील, जाऊन पाया पडा, कानात जरा मोठ्यानं बोला.

पण ऐका. पहाटे हर्षद कपडे बदलायला घरी आला. घराला कुलूप. सगळे दवाखान्यात. मजल्यावर कुणी जागं नाही. जिना चढून वर आला, तर उंबऱ्याबाहेर एक स्टीलचा डबा.

हात लावला. गरम.

उघडला. पिठलं-भात. कोणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, तेव्हा शेजारपाजारचे आणून देतात ना, तसा. वर मिरचीसुद्धा ठेवलेली.

झाकण हातातच होतं. ते त्यानं उजेडात धरलं. भांड्यांच्या दुकानात टिंबाटिंबांनी नाव घालून देतात, तसं घातलेलं होतं. नवं कोरं.

'कै. इंदुताई देगलूरकर यांच्या स्मरणार्थ.'

खाली 'दिनांक'. आणि त्याच्यापुढं, अजून काही न घातलेली, गुळगुळीत जागा.