बेचाळिसावा प्रश्न

वजनमापं तपासणाऱ्या खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन गोष्टी सहन होत नाहीत. एक अंदाज, आणि दुसरी 'काहीही चालेल'. निरीक्षकसाहेबांची बायको गेले चार महिने ही दुसरी गोष्ट दिवसातून दहा वेळा ऐकवत होती.

एकोणीस वर्षं भाड्याच्या जागांत काढून आता कुठे स्वतःचं घर झालं होतं. तिसरा मजला, दोन खोल्या, हॉल आणि पश्चिमेला मोठी खिडकी. साहेबांचं मागणं एवढंच होतं, की त्या खिडकीपाशी आपली वेताची खुर्ची टाकावी आणि तिथून आपल्याला कुणी उठवू नये. भाड्याची जागा महिनाअखेर सोडायची होती, आणि घोडं अडलं होतं सजावटीवर.

"साधंसुधं करू या," साहेब म्हणत.

"काहीही चालेल. पण इतकं साधं नको हो, दवाखान्यात आल्यासारखं वाटतं."

"मग भारदस्त करू. कोरीव लाकूड, जड पडदे."

"काहीही चालेल. पण पुसणार कोण? तुम्ही?"

त्यात मेव्हणी. ती रोज सकाळी मोबाइलवर वीस-वीस फोटो पाठवी आणि वर फोनही करी. "भाऊजी, हल्ली भिंतींना गिलावा करतच नाहीत. विटा उघड्या ठेवायच्या!"

"म्हणजे अर्धवट बांधून पळालेला बिल्डर काळाच्या पुढे होता म्हणायचा," साहेब म्हणाले आणि फोन उशीखाली कोंबला.

शेवटी हात टेकून दोघांनी एक डिझायनर गाठली. शांत बाई, टेबलावर एक कागद तिरका नाही. तिने बेचाळीस प्रश्नांचा छापील फॉर्म पुढे सरकवला. उजेड किती लागतो, पाहुणे किती येतात, ओल्या छत्र्या कुठे ठेवता. एक्केचाळीस प्रश्न सुरळीत पार पडले. बेचाळिसावा होता : 'अंतिम निर्णय कोणाचा?'

बायकोने लिहिलं, 'ह्यांचा'. साहेबांनी ते खोडून लिहिलं, 'हिचा'. डिझायनरने दुसरा फॉर्म दिला. त्याचीही तीच गत. तिसऱ्याला साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ठसठशीत अक्षरात 'घराचा' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. बायकोनेही सुटकेचा निःश्वास टाकून सही केली.

डिझायनर हसली नाही. तिने फॉर्म फाइलला लावला.

"असं आधी कुणी लिहिलंय?" साहेबांनी ओशाळून विचारलं.

"दोघांनी."

"मग?"

"घरं सुरेख झाली," ती म्हणाली.

सोमवारी साहेबांनी हॉलच्या भिंतीवर रंगांचे सहा नमुने चिकटवले. संध्याकाळी पाच जमिनीवर होते. त्यांनी डिंक बदलला. पुन्हा तेच पाच खाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी चिडून टाचण्या ठोकल्या. संध्याकाळी त्याच पाच नमुन्यांच्या वीसच्या वीस टाचण्या भिंतीलगत ओळीने पडल्या होत्या, सगळ्यांची डोकी एका बाजूला. वर राहिला होता तो धुरकट राखाडी.

"चला," बायको म्हणाली, "एकदाचं कुणीतरी ठरवलं!"

पुढच्या आठवड्यात मेव्हणीने पसंत केलेला लाल सोफा आला. सोफा तेहतीस इंच, दार छत्तीस. दारात अडकला तो अडकलाच. हमाल घामाघूम झाले.

"साहेब, माप चुकलं तुमचं."

सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी खात्याची शिक्का मारलेली टेप आणून तीनदा मोजलं. छत्तीस. तेहतीस. सोफा परत गेला.

मग डिझायनरने पाठवलेलं राखाडी कपाट आलं. कागदावर रुंदी एक्केचाळीस इंच. हमालांनी ते तिरकंसुद्धा न करता सरळ आत नेलं. साहेबांनी खिशातली टेप बाहेर काढली, आणि न उघडता परत ठेवली.

त्यानंतर काम झपाट्याने उरकलं. बायको दिवसदिवस तिथेच राहू लागली, हळू बोलू लागली.

"तो दिवा इथे नको म्हणतंय," ती एकदा म्हणाली.

"कोण म्हणतंय?"

"अहो, बोलण्याची एक पद्धत असते."

वेताची खुर्ची साहेबांनी स्वतः डोक्यावरून आणली. बावीस इंच. दारात तिचा एक हात कडकन मोडला. ते तसेच तडक डिझायनरच्या ऑफिसात गेले.

"तो फॉर्म बदलायचाय मला. आत्ताच्या आत्ता."

"बदलता येतो की," ती म्हणाली. "फक्त अंतिम निर्णय ज्याचा, त्याची सही आणा."

महिनाअखेरीला दुपारी त्यांनी जुन्या जागेची किल्ली परत केली. परतीचा रस्ता आता नव्हता. एक बॅग घेऊन ते तिसऱ्या मजल्यावर आले. दार सताड उघडं होतं. आत बायको पडद्याच्या चुण्या सारख्या करत होती. खिडकीतून ऊन आलं होतं. घर खरोखर सुरेख दिसत होतं.

उजवा पाय आत गेला. खांदे गेले नाहीत.

कुणी ढकलत नव्हतं, धरत नव्हतं. फक्त जागा नव्हती.

साहेबांचे खांदे अठरा इंच. शिंप्याकडे लिहिलेलं आहे.

"अगं," ते म्हणाले, "मला आत येता येत नाहीये."

"तिरके व्हा जरा."

ते तिरके झाले. बॅग खाली ठेवली. खिसे रिकामे केले. चष्मा काढला.

बायको जवळ आली. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

"थांबा हं," ती म्हणाली. "विचारते."

ती आतल्या खोलीत गेली. तिथे कुणी नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तिचा आवाज ऐकू येत होता. हलका, अदबीचा.

"हो... नाही, तसे शांत असतात... जागा फार नाही लागत त्यांना, एका कोपऱ्यात बसतात..."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"बरं," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना."