नाडीकुलूप

नियंत्रण कक्षाच्या भिंतीवरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ ठेक्यात उसळत होती. ती धोंडिबा शेडगे यांची नाडी होती. घाटातल्या एकोणिसाव्या टॉवरवर, जमिनीपासून सत्तर फुटांवर, ते फुटलेला इन्सुलेटर बदलत होते. मनगटावरच्या कड्याला जोवर नाडी लागत होती, तोवर वीजवाहिनी बंद राहणार होती.

हे नाडीकुलूप पडद्यासमोर बसलेल्या अभियंता वैदेही खानविलकरने शोधलं होतं. घाटावरची आणि कोकणातली अशा दोन वीज वितरण कंपन्यांनी मिळून उभारलेल्या नवकल्पना निधीचं ते पहिलं अपत्य. वाहिनीत दोन्ही टोकांकडून वीज येई. पूर्वी लाइनमन वर असताना कुणी चुकून स्विच दाबला, की दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत. म्हणून वैदेहीने माणसाच्या हातातून स्विचच काढून घेतला. काम संपवून लाइनमनने कडं काढलं, नाडी दिसेनाशी झाली, की पंधरा सेकंदांत वाहिनी आपोआप सुरू. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून वाहिनीला साखळी लावून ती जमिनीशी जोडण्यात जाणारा अर्धा तासही वाचला. साखळ्या गोदामात गेल्या.

"आणि वर असतानाच हृदय बंद पडलं तर? कड्याला फरक कसा कळणार?" कोकणच्या कंपनीचे मुख्य अभियंता पाठारे यांनी बैठकीत विचारलं होतं.

"नाही कळणार, सर. पण मेलेल्या माणसाला शॉक लागत नाही."

सगळे हसले होते. पाठारे सर्वांत मोठ्याने.

वर चढायचं परमिट जुन्या रिवाजाप्रमाणे एकाच्याच नावावर निघे, म्हणून कडंही एकच; आणि ते एकदा मनगटावरून निघालं की पुन्हा चालू होत नसे.

दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी रेघ वेडीवाकडी झाली. पाठोपाठ फोन आला. धोंडिबांची मदतनीस, रेशमा मडावी.

"मॅडम, मामा छातीला हात लावून कोसळले! श्वासच नाही!"

"तू कुठेयस?"

"वरच की! कामाच्या फळीवर निजवलंय त्यांना. तार हाताशीच आहे."

रेघ सपाट झाली. पडद्यावर आकडे उतरू लागले. पंधरा. चौदा. रेशमाला उतरायला निदान तीन मिनिटं लागणार होती. मोजणी थांबवणारं बटण वैदेहीनेच ठेवलं नव्हतं. नऊ. आठ.

रेशमाने फोन फळीवर ठेवला आणि प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे धोंडिबांची छाती दाबायला सुरुवात केली.

रेघ उसळली. छाती दाबली की रक्त मनगटापर्यंत ढकललं जातं. कड्याला तेवढं पुरलं. मोजणी थांबली.

"थांबू नकोस!" वैदेही ओरडली.

घाटावरच्या आपल्या टोकाची जोडणी तिने सहा मिनिटांत उपकेंद्रातल्या माणसाकडून हाताने तोडवून घेतली. दुसरं टोक कोकणच्या कंपनीकडे होतं; तिने दुसऱ्या फोनवरून पाठाऱ्यांना गाठलं.

"घाई कसली, मॅडम? माझ्या पडद्यावर नाडी एकशे सहा दाखवतेय. तुमचा माणूस ठणठणीत आहे."

"ती नाडी रेशमाच्या हातांची आहे, सर!"

"कोण रेशमा? परमिटवर हे नाव नाही."

शेवटी त्यांनी जोडणी तोडायला माणूस पाठवला. त्यांचं उपकेंद्र बिनमाणसाचं होतं आणि घाटरस्त्याने चाळीस मिनिटांवर.

वीस मिनिटं झाली. फोनमधून फक्त धापा ऐकू येत होत्या.

"मॅडम, मामांची नाडी आली का हो? आली असेल तर जरा दम खाते."

"नको. दाबत राहा."

"हात उचलत नाहीत. खरं सांगा. मामा गेलेत ना?"

वैदेहीने डोळे मिटले. "गेलेत. पण तू थांबलीस की वाहिनी सुरू होईल, रेशमा."

धापांचा ठेका एकदा चुकला, पुन्हा लागला.

"म्हणजे इतका वेळ मी माझ्यासाठीच दाबत होते?"

"हो."

"मग आधी का नाही सांगितलंत? मी जीव तोडून दाबत बसले मामांसाठी. हळू दाबलं असतं. दम राखून."

 पडद्यावर नाडी ब्याण्णव झाली. मग एकाहत्तर. पाठाऱ्यांची गाडी अजून नऊ किलोमीटर लांब होती. अठ्ठेचाळीस.

"रेशमा, मोठ्याने आकडे म्हण! माझ्याबरोबर म्हण! एक, दोन..."

"तीन," रेशमा म्हणाली. "चार."

"पाच," वैदेही एकटीच म्हणाली.

पंधरा सेकंदांनी फोन बंद पडला. दोन्ही कंपन्यांच्या पडद्यांवर एकाच वेळी निरोप उमटला:

"धोंडिबा शेडगे काम संपवून सुखरूप उतरले. टॉवरवर अन्य कोणी नाही. वाहिनी सुरू."