बेचाळीस रेघा

शेकोटीत लाकूड टाका रे, आणि ते फोन ठेवा खिशात. ही ऑरिनची गोष्ट. सुतार, माझा दोस्त. तीस वर्षं आम्ही एकत्र कामं केली. थापा मारणारा गडी नव्हे.

गेल्या डिसेंबरची सहा तारीख, शुक्रवार. आपल्या गावातलं शेरीफचं जुनं घर डेन्व्हरच्या ब्रिन नावाच्या पोरीनं कॉफीच्या दुकानासाठी घेतलं होतं. कोठीच्या खोलीचं दार रंधा मारून हिरवं रंगवायचं, एवढंच ऑरिनचं काम. त्या दाराला कडी बाहेरून. वायोमिंग राज्य होण्याआधी इथल्या तुरुंगात बायकांना जागाच नव्हती. लुएला टॅगार्टनं मारकुट्या नवऱ्याला गोळी घातली, तेव्हा न्यायाधीशानं तिला शेरीफच्या बायकोच्या ताब्यात दिलं. दिवसभर धुणीभांडी, रात्री कोठीत कडी लावून. बाळंतही तिथंच झाली बिचारी.

दाराला आतल्या बाजूनं, खाली, नखानं ओढलेल्या रेघा होत्या. बेचाळीस.

"शिक्षेचे दिवस मोजले असतील," ब्रिन म्हणाली.

"शिक्षा सात वर्षांची होती, पोरी," ऑरिन म्हणाला. "मुलगी बेचाळीस दिवस तिच्याजवळ राहिली. मग दिली कुणाला तरी. कुणाला, ते तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही."

"अरे देवा... पण काका, उद्या उद्घाटन आहे. गिऱ्हाइकांना कॉफी पाजायची की रडवायचं? काढून टाका."

ऑरिननं रंधा मारला. मला म्हणाला, "काही वाटलंच नाही रे. लाकूड होतं, तासलं."

संध्याकाळचे साडेपाच. बाहेर काळोख, बर्फ. ब्रिन निघून गेली होती. ऑरिन कोठीत बसून दाराला आतून रंगाचा शेवटचा हात देत होता.

दार हळूच मिटलं, स्वयंपाकघरातला उजेड तुटला.

बाहेरून कडी लागली.

"ब्रिन?"

...

"ए पोरी, चेष्टा पुरे."

...

मग त्याच्या गुडघ्याजवळ, अंधारात, कुणीतरी लुचूलुचू दूध पिऊ लागलं.

ऑरिन हलला नाही. किती वेळ, ठाऊक नाही. आवाज थांबला. एक सुस्कारा... आणि कडी निघाली.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओसरीवरच्या बर्फात पाऊल नव्हतं. त्यानं बॅटरी दारावर धरली.

रंग ओलाच होता. आणि रंगातून, थेट लाकडापर्यंत, रेघा. त्याच जागी. त्यानं दोनदा मोजल्या.

त्रेचाळीस.

शेवटची अगदी खाली होती. वाकडी. तान्ह्या बाळाच्या नखाएवढी.