दोनशे सतरावरून फोन

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मेलेल्या माणसाचा फोन आला.

ऑपरेटर मोनिकाने स्क्रीनकडे बोट दाखवलं. २१७. टाकीघर. मल्हारी तिथं गॅसने गुदमरून गेला त्याला बारा दिवस झाले होते, आणि टाकीघराला कुलूप होतं. तिने रिसीव्हर सोपानरावांच्या कानाला लावला. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. मग फोन बंद झाला.

"रोज शिफ्ट सुटायच्या वेळेला येतो, मामा. लोक म्हणतात, तू त्याचा फोन उचलला नाहीस, म्हणून तो तुलाच करतोय."

"आन् खरंच उचलला न्हवतास?"

"वाजलाच नाही! आईशप्पथ." तिला रडू फुटलं.

कुरकुंभच्या त्या केमिकल कारखान्यात इंटरनेटवरचे फोन २००८ साली सोपानरावांनीच बसवले होते. जन्म टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेला. आता तारा संपल्या आणि नियम आले. कुठला नंबर दाबला की फोन कुठं जायचा, हे कॉम्प्युटरमध्ये ओळीने लिहायचं. संकटात ९ दाबला की ऑपरेटर. कुणी फोन उचलला नाही, तरी ऑपरेटर. मल्हारीने मरण्याआधी ९ दाबल्याची नोंद होती. म्हणजे दोष मोनिकाचा. उद्या चौकशी होती, आणि नंतर बहुधा पोलीस.

सोपानराव भुताखेताला मानत नव्हते असं नाही. पण आपण बसवलेल्या फोनमधून भुताने बोलावं, हे त्यांना अजिबात पटेना. ते शिफ्ट मॅनेजर मारुतरावांच्या केबिनमध्ये गेले.

"सायेब, कुणी नियम बदलले का?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"पासवर्डाचं पाकीट तुमच्याकडंच दिलं होतं."

"कपाटात पडलंय, फोडलंही नाही. अहो, पोरगी मोबाइलवर गप्पा मारत बसली असेल, दुसरं काय!"

नियम पाहिले तर जागच्या जागी. पण बाहेरून आलेल्या फोनांच्या यादीत रोज दोन दहाला एकच नंबर होता. न्हावऱ्याच्या स्टँडवरचा कॉइन बॉक्स.

संध्याकाळी ते न्हावऱ्याला पोचले. रोज इथून फोन कोण करतं, असं पानवाल्याला विचारलं, तर त्याने मल्हारीच्या आईचं, अनसाबाईंचं घर दाखवलं.

"मीच करते," त्या म्हणाल्या. "सुटी झाली की उचलायचा. आये, निघालो, म्हनायचा."

"आता कशापायी करता?"

"वाजतंय तवर वाटतं, येतंय पोरगं उचलाया." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "पन मधीच ती बाई उचलती. तिला काय बोलू?"

"आन् आधी? मल्हारी जागेवर नसला तर?"

"तवा एक सायेब उचलायचा. लई डाफरायचा."

सोपानरावांच्या अंगावर काटा आला. भूत परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत त्यांनी मोनिकाचाच फोन आणून ठेवला. दोन दहाला तो वाजला. २१७. 

"मारुतराव, तुम्ही उचला."

"मी कशाला?"

"उचला," पुण्याहून आलेल्या चौकशी अधिकारी बाई म्हणाल्या. सोपानरावांनी स्पीकर चालू केला.

"हॅ... हॅलो?"

"अगं बया! सायेब, तुमीच व्हय? लई दिसांनी उचलला."

मारुतरावांनी फोन आपटला.

"ही मल्हारीची आई," सोपानराव म्हणाले. "टाकीघरात कुणी उचललं न्हाई की फोन मोनिकाकडं वळतो, आन् स्क्रीनवर टाकीघराचा नंबर दिसतो. पण मल्हारी होता तवर तो या सायबांकडं वळायचा. म्हंजी टाकीघराला येगळा नियम होता. तिथलं सगळं केबिनकडं, ९ दाबला तरी केबिनकडं, आन् तिथनं पुढं कुठंच न्हाई! पोरगं गेलं, आन् दुसऱ्याच दिवसापासून फोन मोनिकाकडं. नियम कुणी पुसला? बाई, सायबांच्या कपाटातलं पासवर्डाचं पाकीट मागवा. फोडलेलं असंल."

पाकीट आलं. फोडलेलं होतं.

मारुतराव खाली बसले. "गेल्या महिन्यात मल्हारीला गॅसचा वास आला, त्याने ९ दाबला, या मोनिकाने भोंगा वाजवला, तीन तास काम बंद. वरून मला झापलं. आधी मला कळावं, एवढंच होतं. त्या दिवशी मी जेवायला गेलो होतो हो!"

मोनिका ओक्साबोक्शी रडली. तिच्यावरचं बालंट टळलं होतं, पण मल्हारी काही परत येणार नव्हता.

जाण्याआधी सोपानरावांनी कॉम्प्युटरमध्ये आणखी एक ओळ लिहिली.

"मामा, आता २१७चा फोन कुणाकडं वळणार?"

"कुणाकडंच न्हाई. वाजू दे."

दुसऱ्या दिवशी दोन दहाला बंद टाकीघरात फोन वाजू लागला. मोनिका दाराबाहेर जाऊन उभी राहिली. फोन बराच वेळ वाजत होता.