तपासणीपुरता दुसरा पलंग

"हो गं बाई, हो... झालं, झालं... हा एवढा एकच पाय, मग तू मोकळी..."

हा आवाज कायानोनं ऐकला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ओबिहिरोच्या गुरांच्या प्रदर्शनात एक बिथरलेली गाय लोखंडी चौकटीत उभी होती. तिच्या आडून कुणीतरी तिचे खूर तासत होतं आणि तासता तासता तिच्याशी असं मऊ बोलत होतं, की गाईनं हळूच मान खाली टाकली. माणूस काही दिसला नाही. दिसले ते चिखलानं भरलेले बूट. आवाज मात्र कानात राहिला, बारा वर्षं.

आणि मे महिन्यातल्या एका भुरभुरत्या सकाळी तोच आवाज काकांच्या कारखान्याच्या अंगणात आला.

"हो, हो... जरा मागं... अजून जरा... शहाणी गं माझी ती!"

कायानो हातातला रंधा न ठेवताच बाहेर धावली. एक उंच पांढरी व्हॅन उलटी उलटी आत येत होती आणि खिडकीतून डोकं काढून मालक तिला चुचकारत होता. केसांवर पावसाचे थेंब, गालावर खळी.

"गाडीशी बोलताय?" तिनं विचारलं.

"सवय हो. दिवसभर गाईंशी बोलतो. ही निदान लाथ तरी मारत नाही."

हारुहिको ओनोदेरा. धंदा खूर तासण्याचा. वसंतापासून पानगळीपर्यंत या गोठ्यातून त्या गोठ्यात. सीटवर झोपून झोपून त्याची पाठ कामातून गेली होती आणि गेन्झाबुरोकाकांच्या कारखान्यात अशा गाड्यांची फिरती घरं होत. सुतारकाम कायानोचं.

"एक पलंग हवाय," तो म्हणाला. "एकशे पंच्याऐंशी सेंटिमीटर लांब."

"दोन."

"अहो, मी एकटाच आहे."

"तीन माणसांची गाडी आहे. फिरतं घर म्हणून नोंदवायची तर तपासणीत दोघांची झोपायची जागा दाखवावी लागते. नियमच आहे."

"बघा! सरकारलासुद्धा माझ्या एकटेपणाची काळजी."

"सरकारला फक्त मापाची काळजी असते."

तो खळखळून हसला. "मग दुसरा आपला दाखवण्यापुरता करा. एक फळी, दोन स्क्रू. झोपणारे कोण त्यावर? माझे सुरे झोपतील."

"ओनोदेरासान," कायानोनं रंधा कमरेवर टेकवला, "घाटात करकचून ब्रेक दाबलात, की ती दोन स्क्रूंची फळी सरळ तुमच्या मानेवर येईल. माझ्या हातचे दोन्ही पलंग सारखेच बसणार. गाडीच्या तळातून आरपार बोल्ट आणि खालून लोखंडी पट्टी."

"गाईसुद्धा इतक्या दरडावत नाहीत हो..."

"गाईंना तुमची मान वाचवायची नसते."

काका आतून खोकले. खोकला जरा हसल्यासारखा होता.

मग तो रोज येऊ लागला. जवळपासच्या गोठ्यांतलं काम आटोपलं की दुपारी हजर... हातात गोठ्यातल्या दुधाची बाटली, अजून कोमट. व्हॅनच्या दारात पाय सोडून बसायचा आणि तिच्या हाताकडे बघायचा. मध्येच ती वर बघायची, की हा छताकडे. लाकडाच्या कुरळ्या ढलप्या उडत, त्याच्या बाहीवर बसत. तो झटकत नसे.

एका दुपारी ड्रिल हातात धरून तिनं विचारलंच. "बारा वर्षांपूर्वी प्रदर्शनात होता तुम्ही? एका गाईला समजावत होता... मी ऐकलंय तुम्हाला."

"बारा वर्षांपूर्वी?" तो आठवू लागला. "ते माझे बाबा. मी मागचा पाय धरून होतो. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता तेव्हा."

"मग ते चिखलाचे बूट?"

"ते माझे. बाबांचे बूट कायम चकचकीत."

म्हणजे इतकी वर्षं तिनं आवाज एकाचा जपला आणि बूट दुसऱ्याचे! हसू आलं, गाल तापले... आणि ड्रिल चालूच होतं.

फुस्स्स्...

व्हॅनखालून एक लांब, दुःखी उसासा निघाला. दोघं चिखलात पालथे होऊन खाली घुसले. खाली टांगलेल्या स्टेपनीत ड्रिलचं पातं थेट रुतलं होतं. भोक पाडण्याआधी खाली वाकून बघायचं, हे कायानो शिकाऊ मुलांना रोज बजावत असे.

"आमच्यात याला रक्त काढणं म्हणतात," तो तिच्या कानाशी म्हणाला. "लक्ष भलतीकडे असलं, की सुरा खोल जातो. कुठं होतं लक्ष?"

"...बोल्टांकडे."

"अस्सं."

"सात वर्षांत पोरीचं एक भोक चुकलं नाही," काकांनी वरून ऐकवलं, "आणि आता स्टेपनीच फोडली! हवा बदललीय बाबा यंदा."

नवं टायर यायला तीन दिवस लागले. कायानोला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मग तिनं फळ्यांच्या कडा पुन्हा घासल्या. पॉलिश एकदा झालं होतं, दुसऱ्यांदा केलं. काम संपलं, की तो पूर्वेला बेत्सुकाईला जाणार होता, थेट ऑक्टोबरपर्यंत. आणि अजून तो थट्टेपलीकडे एक शब्दही सरकला नव्हता.

अखेर पलंग ओढून त्यांची मजबुती बघायचा दिवस आला. गाईचा पाय उचलायची कप्पी आणि दोर त्यानं आणला, पलंगाला बांधला, अंगणातल्या खांबावरून ताणला. व्हॅन डगमगली, चाकं करकरली... पलंग तसूभर हलला नाही.

"आता झोपून बघू," तो म्हणाला.

एका पलंगावर तो, दुसऱ्यावर ती. मधे हातभर वाट. पत्र्यावर पाऊस टपटपत होता. देवदाराच्या ओल्या वासात दोघंही छताकडे बघत राहिली.

"कायानोसान..."

"हं?" तिनं मान वळवली.

"...फळी छान आहे."

तिला रंधा फेकून मारावासा वाटला.

तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. अधिकाऱ्यानं दोन्ही पलंगांना टेप लावला, हातानं हिसका दिला, खाली वाकून लोखंडी पट्ट्या पाहिल्या आणि शिक्का मारला. दहा मिनिटं.

"बरंय मग," हारुहिको म्हणाला. काकांपुढे वाकला, तिच्यापुढे जरा जास्तच वेळ वाकला आणि गाडीत चढला. इंजिन सुरू झालं. काका एकदम काहीतरी आठवल्यासारखे आत निघून गेले.

गाडी फाटकापर्यंत गेली तेव्हा कायानोला कळलं, की हा असाच हसत हसत जाणार. ती धावली आणि गाडीसमोर हात पसरून उभी राहिली. त्यानं ब्रेक दाबला.

"थांबा! मला बोलायचंय. मधे हसू नका." तिला धाप लागली होती. "अजून आल्या नाहीत म्हणून सांगत होते, त्या लोखंडी पट्ट्या आठ दिवस आधीच आल्या होत्या. मी कपाटात लपवल्या. दुसरं पॉलिशही लागत नव्हतं. तुम्ही रोज यावं म्हणून मी काम लांबवलं. मला... मला तुम्ही आवडता. येत्या रविवारी मी बसनं बेत्सुकाईला येणार आहे. नको असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे तिकीट काढत नाही."

इंजिन बंद झालं. तो खाली उतरला. काहीतरी थट्टा करायला त्यानं तोंड उघडलं, पण थट्टा आलीच नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

"बेत्सुकाईतले तीन गोठे दहा दिवसांपासून माझी वाट बघताहेत," तो अडखळत म्हणाला. "रोज फोन करतात. मी रोज सांगतो, गाडी तयार नाही. तुम्हाला मात्र एकदाही घाई करा म्हटलं नाही."

"आणि तयार झाल्यावर?"

त्यानं सरळ तिच्याकडे बघितलं.

"मला तुझ्याशिवाय करमणार नाही, कायानो."