हाताबरोबर आलेले

२०६४ सालापर्यंत हातातली कला शिकायला वर्षे लागेनाशी झाली होती. शल्यविशारदाची टाक्यांची सफाई किंवा सोनाराची बारीक कलाकुसर चाळीस दिवसांत दुसऱ्याच्या हातात उतरवता येई. या तंत्राला ‘हस्तस्मृती’ म्हणत, आणि ते विकसित केले होते वैनगंगेकाठच्या एका विद्यापीठातल्या डॉ. हर्षदा खोब्रागडे यांनी.

त्याच विद्यापीठाच्या स्त्री-वैज्ञानिक सप्ताहात यंदा मान होता सुलभाताई बारापात्रे यांचा. सुलभाताई प्राध्यापक नव्हत्या. प्रयोगशाळांना लागणारी काचेची उपकरणे त्या चौतीस वर्षे फुंकून घडवत आल्या होत्या. कितीतरी संशोधक स्त्रियांचे प्रयोग त्यांच्या उपकरणांवर तडीला गेले, पण एकाही शोधनिबंधात त्यांचे नाव आले नव्हते. आता त्यांची हस्तस्मृती आठ विद्यार्थिनींना दिली होती. समारंभात त्या आठही जणी एकाच वेळी काचेची दुपदरी सर्पिल नळी घडवणार होत्या.

तालमीच्या दुपारी ध्वनिक्षेपक लावणारा माणूस मागच्या दाराने आत आला. त्याचे बूट जड होते. आठही मुलींनी एकदम मान खाली घातली आणि डावे कोपर कानावर आणले. उजव्या हातातली तापलेली नळी मात्र ज्योतीवर संथ फिरतच राहिली.

“हे काय केलंत?” हर्षदाने विचारले.

“काय केलं, मॅडम?” मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

हर्षदाचे कुतूहल चाळवले. काच फुटण्याची भीती असेल, असे वाटून तिने मुलींच्या मागे एक चंबू जमिनीवर आपटला. कोणी हलले नाही. ती स्वतः चपला वाजवत आली, तरी काही नाही. मग तिने त्या माणसाला पुन्हा आत यायला सांगितले. आठ कोपरे वर गेली.

ती काचशाळेत गेली आणि तिने सुलभाताईंना सगळे सांगितले.

“पण ते टोपीचं यंत्र आठवणी घेत नाही, असं तूच म्हणाली होती ना?”

“नाहीच घेत, ताई. कौशल्य लहान मेंदूत राहतं. तिथं शब्द नसतात, चेहरे नसतात. कोणत्या हालचालीमागून कोणती हालचाल, किती क्षणांनी, एवढंच असतं. टोपी तेवढं टिपते आणि शिकणारीच्या मेंदूला हलक्या चुंबकी ठोक्यांनी तोच ताल लावते.”

“मग हे कसं गेलं?”

“हीसुद्धा हालचालच असेल. तुमच्या हाताला जडलेली.”

सुलभाताईंनी बर्नर बंद केला.

“सुट्टीच्या दिवशी मी घरी काम करायची,” त्या म्हणाल्या. “आमचे हे मागून यायचे. कारखान्याचे बूट असायचे पायात. एका हातानं डोकं झाकायचं आणि दुसऱ्या हातातली काच सांभाळायची. फुटली असती तर सोमवारी इथं काय सांगितलं असतं? पंधरा वर्षं चाललं. माझ्या भावालेही ठाऊक नाही. आता आठ पोरींले झालं.”

“त्यांना काहीच माहीत नाही, ताई.”

“डोक्याले नाही. अंगाले तर झालं.”

हर्षदाने दोन दिवस खटपट केली. कोपर कानावर नेण्याचा तो झटका काढता येत होता, पण मग नळी वेडीवाकडी येई. भीती वाटत असतानाही हात स्थिर ठेवणे, हेच तर सुलभाताईंचे कसब होते. त्यातली भीती तेवढी वेगळी होईना.

मुलींना सांगणे भाग होते. “मीच सांगते,” सुलभाताई म्हणाल्या, आणि मुलींसमोर स्टुलावर बसून त्यांनी काहीही न लपवता सांगितले. सगळ्या जणी सुन्न झाल्या. पाच जणींनी ते काढून टाकायला सांगितले. तीन जणी म्हणाल्या, “राहू द्या.” या तिघी सर्वांत लवकर शिकल्या होत्या.

झटका काढण्यासाठी प्रत्येकीची पूर्वनोंद, म्हणजे टोपी प्रथम घातली तेव्हाचा मेंदूचा आलेख, ताडून पाहावा लागे. पाच जणींच्या पूर्वनोंदीत काही नव्हते. केवळ तुलनेसाठी हर्षदाने उरलेल्या तिघींच्या नोंदी उघडल्या. तीच मान, तेच कोपर. थोडा वेगळा ताल, एवढेच.

“ताई, या तिघींना हे तुमच्याकडून मिळालेलं नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “आधीच होतं.”

“कोण कोण?” सुलभाताईंनी विचारले, आणि लगेच म्हणाल्या, “नको. नावं नको सांगू.”

हस्तस्मृतीसाठी नाव नोंदवलेल्या चार हजार विद्यार्थिनींच्या पूर्वनोंदी त्या संगणकात होत्या. सगळ्या तपासायला अकरा मिनिटे पुरली असती. दोघींनाही एकाच वेळी ते सुचले असावे.

“मुलींनी परवानगी शिकण्यासाठी दिलीय,” हर्षदा म्हणाली. “हे बघण्यासाठी नाही.”

“माझी कुठं घेतली होती?” सुलभाताई म्हणाल्या. “नावं झाकून ठेव. नुसतं मोज.”

हर्षदाचे बोट कळीवर थबकले. हे चूक आहे, हे तिला ठाऊक होते. न मोजता घरी जाणेही तिला जमेना. तिने कळ दाबली.

समारंभात प्रात्यक्षिक झाले नाही. सुलभाताईंना शाल आणि मानपत्र देण्यात आले. त्या ध्वनिक्षेपकासमोर आल्या. आपल्या हाताची गोष्ट त्यांनी चार वाक्यांत सांगितली. मग कुलगुरू रागाने पाहत असताना त्यांनी चार हजार नोंदींतून निघालेला आकडा सांगितला.

“एक हजार एकशे बारा. नावं आम्ही पाहिली नाहीत. पण न विचारता मोजलं, त्याची माफी मागते.”

टाळी वाजली नाही. माझी नोंद कुठल्या बाजूला पडली, असे विचारायलाही कोणी उठले नाही. सभागृहातली प्रत्येक मुलगी शेजारणीच्या हातांकडे पाहत होती.